कामून

हिंगोली, बालरुग्ण कक्ष, खाट अकरा.
फॉर्मवर तीन चेहरे छापून आलेत:
हसरा, मधला, रडका.

नौशीन, वय नऊ,
दर एकवीस दिवसांनी औंढ्याहून येते रक्त चढवायला.
तिच्या शिरा सिस्टरपेक्षा तिलाच पाठ.
तिन्ही चेहरे ती बोटांनी झाकते.
"ह्यात मी नाही."

मग काय लिहू?

"लिहा, सुई टोचायच्या आधी सांगत जा.
मुंगी चावली म्हणू नका,
मुंग्या मला माहीत हायेत.
अन् डॉक्टर अम्मीलाच कामून विचारायलेत?
दुखायलंय मला."

शेऱ्याला जागा दीड ओळ.
कागद उलटा करून मी पाठीमागं लिहीत जाते.
ती सलाइनचा हात सांभाळत वाकते,
अक्षर लावत वाचते.
"कामून"चं मी "का" केलेलं
तिला लगेच सापडतं.

खोडते.
लिहिते: कामून.