डेडस्टॉक

भुसावळच्या क्लबाने हिरवळीवर पेव्हर ब्लॉक टाकले
तेव्हापासून गवत कापायचा तो बुटका ट्रॅक्टर
जनरेटरच्या खोलीमागे उघड्यावर उभा होता.
तीन उन्हाळे. भुसावळचे.
लाल रंग उडून भाजक्या विटेसारखा,
सीटमधून काथ्या बाहेर,
पात्यांच्या पत्र्याखाली घुशीचं बीळ.

मी एकवीस हजार म्हटलं. वॉचमन हसला.
भंगारवाला चौदाच देत होता, हे मला नंतर कळलं.
असो. वेतनाच्या फरकाची रक्कम तशीही
माझ्या खात्यात पाहुण्यासारखी अवघडून बसली होती.

चोपड्याला टेम्पोतून उतरवला, तर मुख्याध्यापक म्हणाले,
मॅडम, एवढ्यात शेळ्या आल्या असत्या,
गवत खाल्लं असतं, वर दूध दिलं असतं.
खरं होतं ते.
पण शेळ्या खो-खोच्या खांबालाही सोडत नाहीत.

सुपडू मिस्तरीने बॉनेट उचललं,
तेलात बोट बुडवून नाकाशी नेलं.
"मरेल नही शे ताई. रुसेल शे."

सायलेन्सरमधून कुंभारमाशीचं घर निघालं,
मातीच्या पाच खोल्या, एकीत वाळून गेलेली अळी.
कार्बोरेटर रात्रभर पेट्रोलात.
पट्टा मात्र मिळेना. जळगाव झालं, धुळं झालं,
शेवटी लोटनभाऊंच्या पिठाच्या गिरणीचा जुना बसला,
म्हणून पहिले दोन दिवस
इंजिन तापलं की दादरच्या भाकरीचा वास.
सीट एसटीच्या भंगारातली.
महिलांसाठी राखीव, सुपडू म्हणाला,
आणि स्वतःच्याच विनोदावर पान्हा खाली पडेस्तोवर हसला.
पात्यांना धार घिसाडी बाईने दिली.
घण ती मारत होती, नवरा नुसता धरून होता.

वरचं गवत बायांनी विळ्याने म्हशींना नेलं,
खालचं आमच्या वाट्याला.
किल्ली फिरवली. काही नाही.
सहाव्यांदा फिरवली तेव्हा त्याने
एवढा काळा धूर सोडला की नववीचा वर्ग बाहेर आला.

मग चाललाच की.
हरळी, कुंदा, गाजरगवत, कुणाची तरी चप्पल.
मी बसलेली, बावन्नाव्या वर्षी,
पायाखाली मैदान पुन्हा मैदान होत असलेलं.

बोरीच्या अलीकडे ठण्ण झालं.
दगड असेल म्हणून उतरले.
काळ्या मातीत अर्धा रुतलेला,
गंजाने मातीच्याच रंगाचा झालेला गोळा.
तीन किलोचा.

रुमली पावरा. दहावी ब. भर श्रावणात.
चिखलात अनवाणी गिरकी घेतली होती तिने
आणि गोळा गवतात गेला तो गेलाच.
दहा मुलींनी शोधला. ती एकटीच म्हणत होती,
तिकडे मॅडम, बोरीकडे.
मी म्हटलं, तिथवर कुणी फेकत नसतं गं.
आणि रजिस्टरात लिहिलं: गोळा, नग एक, हरवला.
खाली माझी सही.
मापच नाही, म्हणून निवड नाही.
नियम मीच वाचून दाखवला होता.

ओल्या काळ्या मातीत गोळा घरंगळत नाही.
पडतो तिथेच बसतो.
हे मला, खेळाच्या शिक्षिकेला, ठाऊक होतं.

सुपडूला टेपचं टोक धरून वर्तुळाशी उभं केलं.
दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा टेप ओढून, ताणून,
जणू कमी भरलं तर बरं.
अकरा मीटर सदतीस.

जुना नंबर लागला नाही.
तिच्या गावचा एक कंडक्टर आहे, त्याच्याकडे निरोप दिलाय,
पण काय निरोप द्यायचा
हे सांगताना मी दोनदा अडखळले.

ऑफिसात जाऊन 'हरवला' खोडलं,
वर 'सापडला' लिहिलं,
आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथे फक्त
'तुटले', 'वाळवी' असलं लिहितात, तिथे ते माप.

बाहेर सुपडू उताणा पडून पात्याखाली बघत होता.
"ताई, पातं वाकनं. दोनशे लागतीन."
अर्धं मैदान तसंच उभं होतं.
रजिस्टरप्रमाणे त्यात अजून
एक थाळी आहे आणि दोन भाले.