निवेदकाची बायको

आवडते प्रेमपट कुठले, विचारतेस?
बस, इनेश. चहा घे. खसखशीचा केक कालचा आहे, पण चालेल.
सांगते. मात्र नट-नट्यांची नावं विचारू नकोस.
ते कोणीही असोत, बोलायचा माझा नवरा.

तुमच्या लिस्बनला म्हणे पडद्याखाली अक्षरं येतात.
इथे पोलंडमध्ये परका सिनेमा टीव्हीवर लागला
की मागे मूळ आवाज पुटपुटत राहतात
आणि वरून एकच बाप्या सगळ्यांचं वाचतो.
नायकाचं, नायिकेचं, तिच्या खाष्ट आत्याचं,
दारातल्या पोस्टमनचं. एका सुरात.
बटाट्याचा भाव सांगावा तसं:
"जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मी मरेन."

तो बाप्या म्हणजे बोगुमिल.
पस्तीस वर्षं.
भावना घालायची नाही, हा त्या धंद्याचा नेम.
रडायचं ते पडद्यावरच्यांनी रडावं,
आपण शब्द पोचवायचे,
दूधवाल्याने बाटली ठेवून जावं तसे, बेल न वाजवता.

घरी तर बाटलीही नाही.
आवाज जपायचा म्हणून हिवाळाभर गळ्याला मफलर
आणि जेवताना एवढंच: "मीठ."
एकदा मी चिडून म्हटलं,
अख्ख्या देशाच्या बायकांना रोज रात्री सांगतोस,
मला एकदा सांगायला काय पैसे पडतात?
त्याने बराच विचार केला. मग म्हणाला,
"कुठल्या सुरात सांगू?"

तर, आवडते.
एक ती दीपगृहाची गोष्ट, ज्यात ती नावेतून परत येते.
तेव्हा त्याला सर्दी झाली होती. सगळे प्रेमिक
चोंदलेल्या नाकाने एकमेकांची माफी मागतात.
लसूण घातलेलं दूध मीच पाजलं होतं त्या सकाळी.
मग ती दोन टपाल-कारकुनांची. गोष्ट सुमार,
पण पाऊण तासाने मागे एक खुर्ची करकरते.
ती मी. डबा द्यायला गेले होते.
आणि बर्फातल्या स्टेशनची. ती तू बघच.
शेवटी नायिका म्हणते, "थांब",
आणि त्याचा आवाज येतच नाही.
तिचे ओठ मिटतात, गाडी हलते,
मग कुठे, फार उशिरा: "थांब."
लोकांनी पत्रं लिहिली, काय तो विराम, काय ती कला!
कला कसली. काचेपलीकडून कुणीतरी कागद धरला होता,
मुलगी झाली, दोघी ठीक.
त्या एका शब्दाच्या अलीकडे
माझी याग्ना आहे, तुझी होणारी सासू.

गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांनी त्याचा कंठ काढला.
आता गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल,
खिशात पाटी. पाटीवर: "मीठ."

रविवारी मी जुन्या कॅसेट लावते.
पहिल्या वेळी त्याने खूण केली, बंद कर.
आपलाच गेलेला आवाज कोण ऐकत बसेल?
मी बंद नाही केलं. नुसता आवाज शून्यावर नेला
आणि खुर्ची पुढे ओढून बसले. पाठ आहे मला सगळं,
नायकाचं, नायिकेचं, आत्याचंसुद्धा.
सुरुवातीला फार जीव ओतायचे. तो कपाळाला हात लावायचा,
पाटीवर लिहायचा: "सपाट. सपाट वाच."
एवढी वर्षं झाली लग्नाला,
इतकं लांबलचक तो माझ्याशी कधी बोलला नव्हता.
शिकते आहे.

परवा स्टेशन आलं. बर्फ आला. तिचे ओठ हलले
आणि मी, मुद्दाम नाही गं, अडकले.
त्याने माझ्या गुडघ्यावर एक बोट टेकवलं,
स्टुडिओत इशारा द्यायचे तसं:
आता.

म्हटलं मी मग. कसं म्हटलं ते विचारू नकोस.
पाटी त्याने पुसली, खिशात ठेवली,
पुन्हा काढली, काहीच लिहिलं नाही.

हा तुकडा उचल तू. उरलेला
बांधून देते. कडेला जरा करपलाय,
तेवढा काढून टाक.