चार बोटं

रॉकफर्डच्या कोर्टात माझं काम एवढंच,
बोललेलं टिपायचं.
एकवीस वर्षं झाली.
खोकला टिपत नाही, हुंदका टिपत नाही,
मान हलवून कुणी हो म्हटलं
तर जज्ज म्हणतात, तोंडाने बोला, बाईंना लिहायचंय.
त्या बाई म्हणजे मी.

सोमवारी शपथ घेतली अर्नेस्टीन टॉलिव्हरने.
वय एकसष्ट, नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान,
बाहीला ब्लीचचा वास, मला बसल्या जागी येत होता.
आरोप असा की दुकानाच्या दारात उभं राहून
रस्त्यापलीकडे एका पोराला
बॉनेटवर दाबून धरणारा पोलीस
तिने फोनमध्ये घेतला.

नाही, चुकलं. तो गुन्हा नव्हता.
चित्र घ्या हवं तेवढं, सरकारी वकीलच म्हणाला.
गुन्हा हा, की फोनने ऐकलंसुद्धा.
साहेबाला न विचारता साहेबाचा आवाज ठेवून घेतला.
तेव्हा आमच्या राज्यात कायदा तसा होता,
पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा.

भर रस्त्यात, भर दुपारी ओरडलेला आवाज.
समोरचा न्हावी साक्षीला आला. म्हणाला,
गिऱ्हाईक ड्रायरखाली होतं, त्यालाही ऐकू गेलं.
बचावाच्या वकील विचारतात, मग यात खासगी ते काय?
हरकत. हरकत मान्य.
मी दोन्ही टिपलं.
पोलिसांच्या गाडीत एक कॅमेरा असतो,
त्याला कुणाची संमती लागत नाही.
त्या दिवशी तो नादुरुस्त होता.
हेही टिपलं.

जेवणाच्या सुट्टीत प्रसाधनगृहातल्या आरशासमोर
मी डोळ्यापासून कानापर्यंत बोटं ठेवून पाहिली.
चार.
माझी बोटं बारीक आहेत, म्हणून साडेचार म्हणा.
एवढ्याशा जागेत
एक म्हातारी बाई तुरुंगात जाईल इतका कायदा मावतो.

दुपारी जज्ज म्हणाले, फीत दाखवा, आवाज बंद ठेवून.
आवाजाचं काय ते नंतर ठरवू.
दिवे मंद झाले.
पडद्यावर त्या अधिकाऱ्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं,
काचेच्या टाकीतल्या माशासारखं.
पोराचा गाल पत्र्यावर.
माझ्या हातांना काम नव्हतं.
मी लिहिलं : चित्रफीत. ध्वनी नाही.
आणि बोटं तशीच कळांवर ठेवून बसले.

तेव्हा दिसलं.
ज्यूरीतला सात नंबर, दुसऱ्या रांगेतला,
कार्डिगनवाला.
निवडीच्या दिवशी त्याने सांगितलं होतं,
आई जन्मापासून बहिरी, लहानपणी घरात सगळे ओठांवरून बोलायचे.
कुणीच त्यावर पुढे काही विचारलं नव्हतं.

त्याचे ओठ हलत होते.
पडद्यावरच्या तोंडाबरोबर, एक क्षण मागे,
प्रार्थना नीट पाठ नसलेला माणूस
शेजाऱ्याच्या मागून म्हणतो तसे.
मग मध्येच थांबले.
त्याने चष्मा काढला, पुसला,
परत लावला नाही.

हे मी कुठे लिहू?
माझ्या यंत्राला बावीस कळा आहेत.
न उच्चारलेल्या शब्दासाठी त्यांतली एकही नाही.
अर्नेस्टीन पडद्याकडे बघत नव्हती,
ती त्याच्याकडे बघत होती.
तिला समजलं असावं. किंवा नुसतीच बघत असेल.

दिवे लागले.
जज्ज म्हणाले, नोंदीसाठी काही?
कुणी काही बोललं नाही.
मी तेच लिहिलं.