आधार

उपग्रहाला दिसली एक पांढरी रेघ.
हैदराबादच्या कंपनीतल्या कीर्तनाने
तिचा रस्ता केला, चारचाकीचा.

मी इथून, दिवाडीतून, खोडला:
हा खाजणाचा बांध.
भरतीला यावरून कुर्ल्या जातात, गाड्या नाहीत.

तिने विचारलं, आधार?
मी लिहिलं, कालची चप्पल.
अजून चिखलात आहे.

आठ दिवस काही नाही.
मग पायवाट झाली, तुटक ठिपक्यांची,
आणि खाली तिचा प्रश्न:
बांधाच्या तोंडाशी दार दिसतंय,
त्याला नाव आहे?

इनास म्हणाला, मानशीला नाव कसलं?
रोझालीनची घागर गेली ती, म्हणतो आम्ही.

एवढं मोठं नाव चौकटीत मावेल का?
धक्क्यावर रेंजच्या दोनच काड्या.
फेरीबोट लागेपर्यंत
रोझालीन तरी लिहून होईल.