पिवळं म्हणजे बरोबर

फहाहीलच्या खोलीत, एसीच्या घरघरीत
मी तगर काढायला बसलो.
कागद कंपनीचा, रद्द झालेला नकाशा :
पुढच्या बाजूला बारा इंची पाइपलाइन, तिचे व्हॉल्व्ह
आणि तिरपा तांबडा शिक्का.
मागची बाजू कोरी.
अशा कोऱ्या पाठी बावीस वर्षं मी श्रेडरमध्ये घातल्या.

का बसलो, ते नीट सांगता येत नाही.
त्या आठवड्यात जोसेकुट्टी गेला,
म्हणजे गावी गेला, कायमचा.
टेबल आवरताना त्याची टू-एच पेन्सिल माझ्याकडे घरंगळली.
राहू दे, म्हणाला.
राहिली.

मध्यरेषेपासून सुरुवात केली. सवय.
फुलालाही मध्यरेषा असते,
पण हात लावला की सरकते.
पाच पाकळ्या, एवढं ठाऊक होतं.
दारातलीच तगर, तिच्याखालून सायकल बाहेर काढायचो,
डोक्यावर पडलेली फुलं शाळेत कुणीतरी दाखवायचं.
पण त्या पाकळ्या वळतात कुणीकडे?
उजवीकडे काढल्या, पंखा झाला.
डावीकडे काढल्या, तोही पंखाच.

साडेनऊला फोन लावला. तिकडे बारा.
वसुधा दचकली : काय झालं? पैसे पोचले की.
म्हटलं, पैशाचं नाही. जरा बाहेर जा,
तगरीच्या पाकळ्या कुठं वळतात तेवढं बघ.
बराच वेळ नुसतीच लाइन चालू.
मग कडीचा आवाज, चपला, कुत्र्यावर ओरडणं,
टॉर्च दोनदा तळहातावर आपटल्याचा.
मी श्वास धरून बसलो.
थोरलीच्या जन्माच्या बातमीलाही असा बसलो नव्हतो,
तेव्हा प्लांटचं शटडाउन होतं, फोन गेटवर जमा.

"डावीकडे," ती म्हणाली. "सगळ्या.
एकसुद्धा चुकलेली नाही."
आणि जरा थांबून :
"माझ्याकडून डावीकडे हं. तुमच्याकडून कशा, देव जाणे."
हसली. मध्यरात्री, अंगणात एकटी.
हप्ता, फी, पडवीचे पत्रे,
काही म्हणजे काही निघालं नाही त्या दिवशी.

मार्चमध्ये शफीउलनं अर्फजची फांदी आणली,
पाण्याच्या बाटलीत खोचून.
तो चौकातल्या पेटुनिया लावतो,
मे महिन्यात तोच उपटतो.
हे वाळवंटातलं, म्हणाला, हे कुणी लावत नाही.
काटकुळी, धुळकट, उंटानं अर्धी टाकलेली फांदी,
फुलं शर्टाच्या बटणाएवढी.
तीन रात्री गेल्या तिच्यात.
पहिल्या रात्री मी तगरच काढत होतो,
समोर अर्फज ठेवून.
शफीउलनं वाकून बघितलं आणि काही बोलला नाही.

रंग नव्हते. ऑफिसचा पिवळा हायलायटर होता.
आमच्या कामात पिवळं म्हणजे तपासलं, बरोबर आहे.
तांबडं म्हणजे चूक.
दुसऱ्यांच्या रेघांवर आयुष्यभर पिवळं फिरवत आलो,
उतार बरोबर, जोड बरोबर, व्हॉल्व्हचं तोंड बरोबर.
ते एकेक बटण भरताना
तोंडातून आपसूक निघत गेलं :
बरोबर. बरोबर. हेही.

एका फुलाची कड किड्यानं खाल्लेली होती.
तिथं हात थांबला.
वरच्या पलंगावरून शफीउलची टाच लोंबत होती,
भेगांत चौकातली माती.
बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं.
मग त्या कुरतडलेल्या कडेवरूनही,
जेवढी उरली होती तेवढ्यावरून,
हळूच पिवळं फिरवलं.