पंच क्रमांक दोन

रात्री पावणेदोनला दार वाजलं.
"पंच पाहिजे, अण्णा. सही येणारा."
टॉवेलच्या मागांवर तेवीस वर्षं जॉबर मी,
सही येते, नखातल्या काळ्या तेलासकट.

अक्कलकोट रोडला बंद पडलेलं रंगाईचं शेड.
आत पिंपं, काचेची नळकांडी,
आणि एक वास.
ओळखीचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

साहेबांनी कायद्याचं नाव वाचलं.
गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि
मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम,
एकोणीसशे पंच्याऐंशी.
पंच्याऐंशीत मी सातवीत.
आमच्या गल्लीत मिलच्या भोंग्यावर घड्याळं लागायची
आणि दिल्लीत कुणीतरी हे लांबलचक नाव टाइप करत होतं
माझ्या पोराच्या जन्माआधीच.

मग काटा निघाला, तळहाताएवढा.
काटा आमच्याही नशिबात आहे:
राजमणी कारखान्यातून तंबाखू तोलून आणते,
विड्या मोजून देते,
वाकडी निघाली की छाट.
इथं पुडी चढली, आकडा थरथरला, थांबला.
"एमडी. दोन ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा,
पन्नासच्या वर व्यापारी."
"दोन ग्रॅम म्हणजे किती ओ?"
"भाकरीवर चिमूटभर शेंगाचटणी,"
हवालदार म्हणाला,
आणि स्वतःच गप्प झाला.

मेणबत्तीवर लाख वितळली.
लेबलवर माझं नाव, वर लाल थेंब, वर शिक्का.
पंचनामा वाचून दाखवला:
आम्हां पंचांसमक्ष, आमच्या डोळ्यांदेखत...
पुढचं मला ऐकूच आलं नाही.

डोळ्यांदेखत.
श्रीनिवास चार-चार रात्री जागा.
मोबाईल उघडतो, जोडतो, परत उघडतो.
जबडा असा चावत राहतो, जणू तोंडात खडा आहे.
डब्यातून विड्यांची मजुरी गेली
तेव्हा मी उंदराला शिव्या दिल्या.
दहाची नोट सुरळी झालेली सापडली
ती इस्त्रीसारखी सपाट करून खिशात घातली.
त्या घरात मी पंच नव्हतो,
कुणी बोलावलंच नाही.

पहाटे चहा आला. फौजदार बाई, वयानं माझ्या पुतणीएवढी.
मी कपाकडं बघत विचारलं,
"आणि जो नुसता ओढतो, विकत नाही, तोही आतच?"
तिनं मान वर केली नाही.
"चौसष्ट अ. पान कुणी उलटत नाही.
अल्प मात्रा असेल, स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी
उपचाराला गेला, आणि मधेच पळाला नाही,
तर खटल्यातून सूट."
मग बशीत चहा ओतत,
"आम्ही दार वाजवतो, अण्णा.
वाजवायच्या आधीचं आमच्या हातात नसतं."

घरी आलो. सहा वाजले होते, ऊन मात्र नऊचं.
तो माळ्यावर, डोळे उघडे.
"झोपलास की नाही बे?"
उत्तर नाही.
राजमणी सुपात पानं कापत होती.
तिला सगळं सांगायचं ठरवून मी बसलो,
तर कात्री न थांबवता तीच म्हणाली,
"मला पोळ्याच्या आधीपासून ठाऊक आहे.
एक विडी वाकडी म्हणून
अख्खं बंडल फेकतात का?"

रिक्षात तो मधे बसला, आम्ही दोन बाजूंना.
कुंभार वेस गेली. "कुणी सांगितलं तुला?"
"कायद्यानं," मी म्हणालो.
तो हसला. खूप दिवसांनी, आणि वाईट हसला.

सरकारी दवाखान्यात सत्तेचाळीस नंबरचं टोकन.
फॉर्मवर खाली दोन रेघा: नातेवाईकांची सही.
वरच्या रेघेवर राजमणीनं अंगठा उठवला,
तंबाखूनं पिवळा झालेला,
शाई नीट धरेना म्हणून दोनदा.
खालची रेघ माझी.

पोरानं पाणी मागितलं.
बाटली रिक्षातच राहिली होती.