शेवट सांगू नये

फलजला, परकारांच्या दुकानामागे,
तांदळाच्या गोण्या आणि फ्रीजरची घरघर यांच्यामध्ये
एक लोखंडी कपाट आहे.
त्यात एकशे बासष्ट मराठी पुस्तकं.
निम्म्यांत खून होतात,
उरलेल्यांत तलवारी बोलतात.

मी दिवसा स्मेल्टरच्या स्टोअरमध्ये बेअरिंग मोजतो.
रात्री वाचतो,
आणि माल-पावतीच्या पाठकोऱ्या बाजूला चार ओळी लिहून
पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात खोचून ठेवतो.
कुणी सांगितलं नव्हतं.
पहिल्या वर्षी बोलायला कुणी नव्हतं, एवढंच.

‘खून तीन. पैकी मधला अनावश्यक.
इन्स्पेक्टर चहा फार पितो.’

‘राज्यं सात, पण एकातही
धान्य कुठून येतं ते कळत नाही.
राजकन्या बरी आहे.’

‘विष कॉफीतून. ओळखलं होतं.
तरी दिवा लावून झोपलो.’

‘ड्रॅगन अडीचशे पानं झोपलाय. मीही.’

मग एका जूनमध्ये,
समुद्रावरची दमट हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर,
बंगल्यातल्या खुनाच्या बाराव्या पानावर
माळ्याच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ
आणि समासात एक शब्द: हाच.

हाच होता.

पुढच्या पुस्तकात, पान एकतीस, डॉक्टरीणबाई: हीच.
जादूच्या पुस्तकांनाही सोडलं नव्हतं.
‘तलवार खोटी आहे. चारशेव्या पानावर कळेल.’

माझं डोकं फिरलं. तपास हाती घेतला.
पेन्सिल सुताराची, चपटी, पात्याने तासलेली.
‘च’चं पोट गोल, छडी खाऊन घोटलेलं.
पानांच्या कडांना जिप्समची पांढरी बोटं.
एका प्रकरणात खजुराची बी, चोखून स्वच्छ केलेली.
पुस्तक गुरुवारी जातं, शनिवारी परत येतं.
परकार म्हणाले, ‘नाव कशाला लिहून ठेवायचा?
नेतो तो आणून देतो.’

मी चिठ्ठीत खडसावलं:
‘दुसऱ्याला शेवट सांगू नये. परीक्षणाचा पहिला नियम.’
शनिवारी त्याच चिठ्ठीवर खाली, चपट्या पेन्सिलीने:
‘शेवट ठाऊक असला की घाई होत नाही.
तुम्ही घाईत वाचता.’

दीड वर्ष भांडलो.
मधल्या खुनाची गरज त्याने मला पटवून दिली,
राजकन्येबद्दल त्याचं मत माझ्याहून वाईट होतं.
आणि एकदा:
‘ड्रॅगनवर तुम्ही अन्याय केलात.
तो झोपलेला नाही. वाट बघतोय.’

त्याला मी पाहिलंय.
पैसे पाठवायच्या रांगेत, माझ्यापुढे तिसरा,
कानामागची चपटी पेन्सिल काढून
काउंटरवर ठेवलेलं पेन सोडून
फॉर्म भरत होता. गोल पोटाचा ‘च’
त्याच्या नावातच होता.
मी पायांकडे बघत उभा राहिलो.
तो गेला. नाव इथे लिहीत नाही.

या पावसाळ्यात, म्हणजे गावाकडच्या पावसाळ्यात,
इथे नुसता घाम,
एक नवं पुस्तक परत आलं ते मंगळवारी.
अठ्ठ्याऐंशी पानांपर्यंत जिप्समची बोटं.
समास कोरे.
परकार म्हणाले, त्या कंपनीचं काम संपलं,
एक बस दुक्मला गेली, एक विमानतळावर.
कोण कुठल्या बशीत, त्यांना ठाऊक नाही.

ते पुस्तक मी त्या रात्री संपवलं.
खुनी कोण ते कळलं,
पण नवव्या पानावर, जिथे तो पहिल्यांदा येतो,
तिथे मी रेघ ओढली नाही.
कंपासमधली पेन्सिल हातात होती, तरी.

मग कपाटातून ड्रॅगनचं जाडजूड काढलं.
चिठ्ठीवरचं ‘झोपलाय’ खोडलं,
आणि पुन्हा पहिल्या पानापासून, सावकाश.
दोनशे एक्कावन्नाव्या पानावर
तो एक डोळा उघडतो.
मागच्या वेळी हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.